दुधाऐवजी वापरायच्या वनस्पतिजन्य पेयांचे परीक्षण: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या चौदा महिन्यांत पुण्यातील आमच्या चार माणसांच्या घरात गाईचे किंवा म्हशीचे दूध आलेले नाही. त्याऐवजी सोयाबीन, बदाम, ओट आणि नारळ यांपासून केलेली तयार पेये दुकानातून आणली, सोयाबीन आणि शेंगदाणे यांचे दूध घरी काढले, आणि चहा, दही, ताक, कढी, खीर व सकाळची नाचणीची लापशी अशा रोजच्या कामांत ते सारे वापरून पाहिले. या पेयांविषयी मराठीत जे वाचायला मिळते, त्यात विकणाऱ्याची स्तुती तरी असते किंवा दूध न सोडणाऱ्याची टिंगल तरी असते; रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असे फार थोडे सापडते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगते. ज्या कारणासाठी मी दूध सोडले ते कारण मला आजही पूर्ण पटलेले आहे, परंतु त्या कारणाच्या जोरावर विकली जाणारी बहुतेक महागडी खोकी आपल्या ताटातली दुधाची जागा भरून काढत नाहीत. ती जागा आमच्या घरी भरून काढली वाण्याकडच्या साध्या सोयाबीनने.

कारण आधी सांगायला हवे, कारण त्याशिवाय या वस्तूंचे मोल कशाच्या आधारे ठरवले ते कळणार नाही. माझ्या मामांचा गोठा सांगली जिल्ह्यात होता आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्या गोठ्यातच काढल्या आहेत. धार काढायच्या वेळी वासराला दोन घोट पाजून गाय पान्हवली, की लगेच त्याला ओढून बाजूला बांधायचे, ही गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली होती की त्यात वावगे काही आहे असे मला कधी वाटले नाही. एका सुट्टीत म्हशीला रेडकू झाले. पुढच्या सुट्टीत ते नव्हते. कोणी त्याला मारले नव्हते. त्याला फक्त दूध मिळाले नव्हते. पारडी झाली असती तर ती जगली असती, कारण ती पुढे दूध देणार होती, हे मामींनी मला अगदी सहज समजावून सांगितले. मामा-मामी निर्दयी माणसे मुळीच नव्हती; म्हैस आजारी पडली तर मामा रात्रभर गोठ्यात बसत. दुधाचा हिशोबच असा आहे की त्यात नराला जागा नाही, आणि प्रेमळ माणसालासुद्धा तो हिशोब पाळावा लागतो.

हा हिशोब एका गोठ्यापुरता नाही, हे पुढे आकडे वाचताना समजले. २०१९च्या पशुगणनेत देशातील मादी गोवंश २०१२च्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी वाढला आणि नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला; त्याच गणनेत मोकाट जनावरांची संख्या ५० लाखांहून अधिक भरली. बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतल्यावर गोऱ्ह्याला पोसण्याचे कारण शेतकऱ्यापाशी उरले नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ सालच्या कायद्याने बंदी आली आणि २०१५मध्ये ती बैल व वळू यांनाही लागू झाली; म्हशी आणि रेडे त्या बंदीच्या बाहेर आहेत. त्या कायद्याविषयी कोणाचे मत काहीही असो, भारत हा म्हशीच्या मांसाच्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे आणि त्या मांसाचा मोठा भाग दुग्धव्यवसायातूनच येतो, कारण भाकड म्हैस आणि नको असलेला रेडा यांना शेवटी तिकडेच वाट आहे. म्हणजे मांस वर्ज्य करून दूध घेणारा माणूस, मीही त्यात चाळीस वर्षे होतेच, त्या साखळीचे दुसरे टोक धरून उभा असतो. गळ्यात माळ असलेल्या आमच्या घरात ही गोष्ट मांडणे सोपे नव्हते. पण ज्या जीवदयेपोटी माळकरी मांस सोडतो तीच दया थोडी पुढे नेली तर ती गोठ्यापर्यंत येते, एवढेच मी म्हटले, आणि सासऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

याच विचाराला इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वीगन’ हे नाव दिले. मांसाबरोबर दूध, तूप, अंडी आणि मधही वर्ज्य मानणारा तो आहार आहे. आपल्याकडे त्याची अडचण अशी की पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाला चालतो, त्यामुळे केवळ ठिपका पाहून खरेदी करता येत नाही. २०२२मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, वीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि पानासह हिरवा ‘व्ही’ असलेले चिन्ह ठरवून दिले. ते चिन्ह दिसले तर प्रश्न मिटतो. न दिसल्यास मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात आणि त्यांत केसीन, व्हे, दुधाची भुकटी हे शब्द शोधावे लागतात. चहात घालायच्या काही ‘नॉन-डेअरी’ भुकट्यांतसुद्धा सोडियम केसीनेट असते, आणि ते दुधातूनच काढलेले असते. प्राधिकरणाच्या नियमानुसार या पेयांच्या वेष्टनावर ‘दूध’ हा शब्द छापता येत नाही, म्हणून खोक्यावर ‘सोया ड्रिंक’ किंवा ‘ओट बेव्हरेज’ असे लिहिलेले आढळेल. नारळाचे दूध त्याला अपवाद आहे, आणि तो योग्यच आहे. कोकणात आणि गोव्यात त्याला दुसरे काय म्हणणार?

आता आरोग्य. येथे मला विक्रेत्यांपेक्षा अधिक सावधपणे बोलायचे आहे. दूध सोडल्यावर माझ्या पोटाचा वर्षानुवर्षांचा फुगारा गेला, ही माझ्यापुरती खरी गोष्ट आहे, आणि तिला कारणही आहे: लहानपणानंतर दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर (एन्झाइम) जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांत कमी होते. परंतु दूध सोडले म्हणजे प्रकृती आपोआप सुधारते, असे कोणी सांगत असेल तर त्याने इंग्लंडमधील ‘एपिक-ऑक्सफर्ड’ या दीर्घ अभ्यासाचे दोन्ही निष्कर्ष सांगावेत. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणात शाकाहारी व वीगन लोकांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार मांसाहारी लोकांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळला, मात्र पक्षाघाताचे प्रमाण २० टक्क्यांनी अधिक निघाले; आणि २०२०च्या विश्लेषणात वीगन गटात हाडे मोडण्याचा एकूण धोका ४३ टक्क्यांनी अधिक होता. त्या गटाचे वजन कमी होते, तसेच त्याच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिनेही कमी होती. मला हा आकडा भीतीदायक वाटत नाही; दुधाच्या जागी काय आले पाहिजे, हे तो नेमके सांगतो, म्हणून मला तो उपयोगी वाटतो. दुधाच्या जागी नुसते पांढरे पाणी आले तर हाडांना त्याची किंमत मोजावी लागेल.

आपल्याकडे याला बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेची जोड आहे. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी झाली होती, आणि त्यांतील ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी निघाले. ही माणसे वीगन नव्हती. दूध आपल्या समाजात घरोघरी असूनही ही स्थिती होती. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि भाजी-धान्यातून ते भरवशाने मिळत नाही, म्हणून वीगन माणसाला गोळी किंवा बी-१२ मिसळलेले अन्न यांना पर्याय नाही. ‘आंबवलेल्या पदार्थांतून मिळते’, ‘भाजी न धुता खाल्ली तर मिळते’ असले सल्ले कोणी देऊ लागल्यास ऐकू नयेत. आम्ही चौघेही गोळी घेतो. ती जिवाणूंच्या किण्वनातूनच बनते, त्यामुळे तत्त्वाचाही प्रश्न येत नाही. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र तो येतो, कारण बाजारातील बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढलेले असते. खोक्यावर डी-२ लिहिले असेल तर ते प्राणिजन्य नाही असे समजावे; ते बहुधा यीस्ट किंवा बुरशीपासून बनवतात.

एवढ्या पार्श्वभूमीवर माझी कसोटी स्पष्ट होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहारमार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सुचवले आहे. ते ज्याने काढून टाकले त्याला त्या जागी दहा-बारा ग्रॅम प्रथिने आणि ३००-३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी वस्तू हवी. शिवाय तिचा चहा झाला पाहिजे, दही लागले पाहिजे आणि ती महिनाभर परवडली पाहिजे.

बदामाचे पेय या कसोटीवर सपशेल नापास होते. मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची खोकी आणली. त्यांतील एकावर समोर बदामांची भलीमोठी रास छापलेली होती आणि मागे घटकांच्या यादीत बदाम ३ टक्के होते. पाणी, साखर आणि घट्टपणासाठी गोंद यांनीच बाकीचे खोके भरले होते. प्रथिने शंभर मिलिलिटरमागे एक ग्रॅमही नव्हती. म्हणजे दिवसाला ३०० मिलिलिटर पिऊन जेवढे बदाम पोटात जातात, तेवढे मूठभरही होत नाहीत. त्यापेक्षा रात्री आठ-दहा बदाम भिजत घालून सकाळी खावेत, हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत आणि ते स्वस्तही पडते. नैतिक बाजूनेही माझे समाधान झाले नाही. जगातील सुमारे ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात आणि तेथील बागांच्या परागीभवनासाठी मधमाश्यांच्या लाखो पेट्या दर वर्षी ट्रकांतून लांबलांबून आणाव्या लागतात. मध वर्ज्य मानायचा आणि हे दुर्लक्षायचे, हे मला जमत नाही. चहात ते पेय पातळ लागते. त्याच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

ओटचे पेय चवीला सर्वांत सोपे आहे. त्याला स्वतःचा हलका गोडवा असतो, कारण प्रक्रियेत विकर घालून ओटमधील पिठूळ भागाची साखर केलेली असते. ‘साखर न घातलेले’ असे लिहिलेल्या खोक्यातही ती असतेच, हे मधुमेही माणसाने ध्यानात ठेवावे. कॉफीत ते उत्तम लागते, फेसही चांगला येतो. आपल्या उकळून केलेल्या चहात मात्र ते बुळबुळीत होते. चहा आधी पूर्ण उकळून, गाळून, मग गरम केलेले ओटपेय वरून घातले तर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. प्रथिने शंभर मिलिलिटरला साधारण एक ग्रॅम. पाहुण्यांच्या कॉफीसाठी एक खोके घरात ठेवायला हरकत नाही. मुलांच्या वाढीसाठी ते देऊ नये, आणि एक वर्षाखालील बाळाला तर यांतले कोणतेच पेय आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या बाळदुधाऐवजी चालत नाही.

नारळाच्या दुधाला परीक्षणाची गरज आहे असे मला वाटत नाही. सिंधुदुर्गात शिरवाळ्यांबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस असतो, कोकणात पुरणपोळीही नारळाच्या दुधात बुडवून खातात, आणि सोलकढी तर वीगन हा शब्द जन्माला येण्यापूर्वीपासून वीगन आहे. खिरीसाठी याच्याइतके योग्य दुसरे काही नाही. फक्त ते दुधाची जागा घेणारे अन्न मानू नये: प्रथिने अत्यल्प, कॅल्शियम जवळजवळ नाही आणि संपृक्त मेद भरपूर. सणावाराला आनंदाने वापरावे. रोज चहात घालू नये.

आता सोयाबीन, ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. तयार खोक्यांपैकी बिनसाखरेचे सोयापेय मला समाधानकारक वाटले. शंभर मिलिलिटरला सुमारे तीन ग्रॅम प्रथिने, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास, आणि ही प्रथिने कडधान्यांमध्ये सर्वांत उत्तम प्रतीची. बहुतेक कंपन्या त्यात कॅल्शियम मिसळतात. ते विरघळत नाही, खाली बसते, म्हणून ओतण्यापूर्वी खोके चांगले हलवावे. न हलवता वापरले तर कॅल्शियमचा गाळ खोक्यासोबत कचऱ्यात जातो. माझ्या पहिल्या चार-पाच खोक्यांचे असेच झाले. व्हॅनिला आणि चॉकलेटच्या चवीची सोयापेये मात्र घेऊ नयेत. त्यांत साखर इतकी असते की मुलांना ते गोड सरबत वाटते, आणि त्या चवीमागे सोयाबीनचा हलका दर्जाही लपतो.

तरीही खोके लिटरला शंभराच्या पुढेच असते, आणि इतर पेयांची किंमत ३०० रुपयांपर्यंत जाते. चौघांना रोज लिटरभर लागले तर मध्यमवर्गीय घराचाही हिशोब कोलमडतो. म्हणून मी घरी दूध काढायला शिकले. एक किलो सोयाबीनपासून सात ते आठ लिटर दूध निघते. माझ्या वाण्याकडे सोयाबीन नव्वद रुपये किलो आहे, तेव्हा गॅस धरूनही लिटरमागे पंधरा-सोळा रुपयांच्या वर खर्च जात नाही. गाईच्या दुधाच्या निम्म्याहून ही रक्कम पुष्कळ कमी आहे. दुधाला पर्याय म्हणजे श्रीमंतांचे चोचले, या आक्षेपाला मी दिलेले हे उत्तर आहे आणि ते माझ्या स्वयंपाकघरातून आलेले आहे.

कृतीत एकच मर्म आहे आणि ते समजेपर्यंत मी तीन वेळा दूध फेकून दिले. सोयाबीनला जो कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येतो, तो दाण्यात मुळात नसतो. दाणा थंड पाण्यात वाटला जातो त्या क्षणी त्यातील एक विकर तेलावर काम करू लागते आणि वास तयार होतो. म्हणून आठ तास भिजवलेले सोयाबीन चोळून साले काढावीत, मग चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या खळखळत्या पाण्यात ते एकदम टाकून पाच मिनिटे उकळावे, आणि निथळून गरम पाण्यातच वाटावे. विकर उष्णतेने निकामी होते आणि वास नव्वद टक्के जातो. नंतर पंचाच्या कापडातून पिळून काढलेले दूध वीस मिनिटे मंद आचेवर उकळणे आवश्यक आहे, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि ते पुरेशा उष्णतेनेच नाहीसे होतात. येथे फसगत होते. दूध खरे उकळण्यापूर्वीच फेस भांड्याच्या काठापर्यंत चढतो आणि उकळी आली असे वाटते. तेव्हा गॅस बंद करू नये, आच कमी करून ढवळत राहावे. भांडे नेहमीच्या दुप्पट मोठे घ्यावे.

पहिल्यांदा हे दूध नीट जमले त्या दिवशी आई आमच्याकडे होती. भांडे निवल्यावर तिने झाकण उचलले आणि म्हणाली, “अगं, याला तर साय आली आहे!” सोयाच्या दुधावर खरोखरच साय धरते, पातळ आणि पिवळसर. आईने ती चमच्याने काढून साखरेबरोबर खाल्ली, लहानपणी खायची तशी. तिचा विरोध त्या दिवशी निम्मा मावळला. तिला थायरॉइडची गोळी असल्यामुळे सोयाबीन चालेल का, हा प्रश्न होता. तिच्या डॉक्टरांनी सांगितले की सोयामुळे गोळीचे शोषण कमी होते, म्हणून गोळी आणि सोयाचे दूध यांत काही तासांचे अंतर ठेवावे आणि तपासणी वेळेवर करावी. पुरुषांनी सोया घेऊ नये, ही भीती मात्र निराधार आहे. माणसांवर झालेल्या अभ्यासांत सोयामुळे पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळलेला नाही.

घरच्या दुधात वरून कॅल्शियम मिसळलेले नसते, ही त्याची खरी उणीव आहे आणि ती ताटातून भरून काढावी लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. आमची सकाळची लापशी नाचणीची आणि सोयाच्या दुधातली असते, दुपारी भाकरीबरोबर तिळाची चटणी असते, आणि आठवड्यातून दोनदा त्याच दुधात लिंबू पिळून काढलेल्या टोफूची भाजी होते. पालकावर भिस्त ठेवू नये. त्यातील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. गाळून उरलेला चोथा थालीपिठाच्या भाजणीत मिसळते आणि थालीपीठ त्याने अधिक खुसखुशीत होते.

चहाविषयी लोक सर्वांत आधी विचारतात. सोयाच्या दुधाचा चहा म्हशीच्या दुधाच्या चहासारखा होत नाही, तो थोडा हलका होतो आणि शेवटी डाळीची पुसटशी चव जिभेवर राहते. आले आणि वेलची घातल्यास ती कळेनाशी होते. दूध थंड घालू नये, फाटते. गूळ घातलेल्या चहातही फाटण्याचा संभव असतो, म्हणून आम्ही साखरच ठेवली आहे. कडक चहाची सवय असलेल्या सासऱ्यांना हा चहा पटायला दोन महिने लागले, आणि त्यांना आवडते ते अखेर शेंगदाणा व सोयाबीन यांचे निम्मे-निम्मे दूध ठरले. शेंगदाण्याच्या दुधाला दाट स्निग्धपणा असतो, उपवासाच्या दाण्याच्या आमटीचा थोडा वासही असतो, आणि चहाला त्याने रंग चांगला येतो. शेंगदाणे मात्र निवडून घ्यावेत. ओल धरलेल्या, काळ्या पडलेल्या किंवा सुरकुतलेल्या दाण्यांत बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, असू शकते आणि ते उकळूनही जात नाही.

दही हा माझ्या दृष्टीने खरा कस होता, कारण ताक आणि कढी यांच्यावाचून आमच्याकडे उन्हाळा जात नाही. दुधाच्या दह्याचे विरजण वापरायचे नसेल तर हिरव्या मिरचीचे देठ वापरावेत: कोमट सोयाच्या दुधात सात-आठ देठ बुडवून ऊबदार जागी दहा-बारा तास ठेवले की दही लागते. पहिले दही तारेचे आणि कडवट लागले. ते खायचे नाही, त्याचेच विरजण घेऊन दुसरे लावायचे. तिसऱ्या वेळेपासून दही घट्ट, कवडी पडणारे आणि बेताचे आंबट लागू लागते. ओट आणि बदामाच्या पेयांचे दही मला एकदाही लागले नाही. सोयाच्या ताकात जिरे, हिंग आणि आले घातल्यावर पाहुण्यांना फरक कळला नाही, कढी तर मला पूर्वीइतकीच चांगली वाटते. श्रीखंड जमलेले नाही. चक्का रवाळ होतो; काजूची पेस्ट घालून तो सुधारतो, पण मग ते काजूचेच पक्वान्न होते.

पर्यावरणाचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण माझ्यासाठी तो नंतर आला. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८मध्ये जगभरातील शेतांच्या माहितीवरून केलेल्या अभ्यासातील सरासरीनुसार एक लिटर दुधामागे सुमारे ६२८ लिटर पाणी लागते, बदामाच्या पेयामागे ३७१, ओटच्या ४८ आणि सोयाच्या अवघे २८. हे जागतिक सरासरीचे आकडे आहेत. कडबा आणि बांधावरचे गवत खाणाऱ्या देशी गाईला ते जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होईल. परंतु उसाचे वाढे, मका आणि विकतची पेंड यांवर उभ्या असलेल्या आजच्या संकरित गाईंच्या गोठ्याविषयी, तेही पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यांत, ते पुष्कळ काही सांगतात.

एक प्रश्न माझ्या मामेभावाने विचारला आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. “तुम्ही शहरातल्यांनी दूध सोडलंत तर आमच्या घरात दर दहा दिवसांनी येणारा पैसा कुठून येणार, ताई?” पिकाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, दुधाचा सतत येतो, आणि पुष्कळ घरांत तो बाईच्या हातात येतो. माझ्यापाशी याचे संपूर्ण उत्तर नाही. एवढे मात्र दिसते की सोयाबीन हे विदर्भ-मराठवाड्याचे मुख्य पीक आहे, लातूर ही त्याची मोठी बाजारपेठ आहे, आणि २०२४च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजार समित्यांत त्याहून कमी दराने माल विकावा लागला. त्यातून तेल काढले जाते आणि उरलेली प्रथिनेयुक्त पेंड बहुतांशी कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. त्या दाण्यापासून माणसांसाठी ताजे दूध, दही आणि टोफू बनवणारे छोटे उद्योग तालुक्या-तालुक्यांत उभे राहिले, पिशवीतले ताजे सोयादूध साध्या दुधाच्या भावात घरी आले, तर शेतकऱ्याला आणि ग्राहकाला दोघांनाही त्याचा उपयोग होईल. आज पुण्यात मला ते मिळत नाही. मिळते ते महिनोन्महिने टिकणारे खोके.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्या महिन्यात बिनसाखरेचे, कॅल्शियम आणि बी-१२ मिसळलेले सोयापेय घ्यावे, त्यावर वीगन चिन्ह आहे हे पाहावे, आणि चहाची सवय झाल्यावर रविवारी अर्धा किलो सोयाबीन भिजत घालून घरी दूध काढून पाहावे. ते फ्रिजमध्ये तीन दिवस नीट टिकते, चौथ्या दिवशी त्याची चव उतरते. प्रवासात आम्ही अजूनही दोनशे मिलिलिटरची छोटी खोकी बरोबर नेतो, कारण महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर आपले दूध देऊन चहा करून मागितला तर बहुतेक वेळा चहावाले काका तो आनंदाने करून देतात.